‘नरभक्षक’ म्हणण्याआधी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत बिबट्याविषयी जे बोलले, छापले आणि ठरवले जाते, त्यात मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. नरभक्षक, हल्ला, दहशत, संघर्ष, जेरबंद, बंदोबस्त आणि अलीकडे आपत्ती. शहरातून येणाऱ्या लिखाणात त्यांच्या जोडीला सहजीवन असते. आधी काहीतरी घडते आणि मग आपण त्याला नाव देतो, असा आपला साधा समज असतो. या पुस्तकाचे म्हणणे असे की, निर्णयांपुरते पाहिले तर हा क्रम बरेचदा उलटा असतो. पंचनामा होण्याआधी, ठसे तपासले जाण्याआधी शब्द ठरून गेलेला असतो. पिंजरा लागणार की बंदूक येणार, रस्ता अडवला जाणार की रात्रीची वीज दिवसा मागितली जाणार, हे त्या शब्दानेच बरेचसे ठरवलेले असते. बिबट्याचे जीवशास्त्र सांगणारी पुस्तके आहेत, शिकारकथाही भरपूर आहेत. हे पुस्तक त्या दोन्हींहून वेगळे आहे. बिबट्याविषयी माणसे जे बोलतात त्याचा माणसांवर आणि बिबट्यावर काय परिणाम होतो, एवढाच त्याचा विषय. तो किरकोळ वाटेल, पण जिथे चुकीच्या निर्णयाची किंमत एखाद्या पोराच्या जिवाने मोजावी लागते तिथे कोणत्या शब्दाने निर्णय घेतला गेला हे तपासणे किरकोळ राहत नाही.

आधी मुलूख समजून घ्यावा लागेल. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला उतरणाऱ्या या दोन तालुक्यांचा रंग कुकडी प्रकल्पाने बदलला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांनी फिरले आणि पूर्वी बहुतांश कोरडवाहू असलेल्या शिवारात ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचे गाळप या उसावर चालते. उसाचा फड लावणीपासून तोडणीपर्यंत वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ हलवला जात नाही. आत सावली असते, गारवा असतो, जवळ पाणी असते आणि कडेच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. मादी फडातच पिल्ले घालते, ती पिल्ले फडातच वाढतात आणि तोडणीच्या हंगामात कोयत्यासमोर उघडी पडतात. इकडे माणूसही गावठाणात राहिलेला नाही. घरे रानात, उसाला लागून आहेत, शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की दारे धरायला रात्रीच जावे लागते, मेंढपाळांचे वाडे उघड्यावर बसतात. धोका खरा आहे आणि तो रोजचा आहे. शब्दांची चर्चा करताना हे क्षणभरही नजरेआड होता कामा नये.

आता एक साधे वाक्य घेऊ, जे मराठी वर्तमानपत्रांत गेली पंचवीस वर्षे जवळपास न बदलता छापले जात आहे: बिबट्या मानवी वस्तीत शिरला. त्यातले क्रियापद पाहावे. चोर शिरतो, शत्रू शिरतो, पुराचे पाणी शिरते. जो शिरतो त्याचे घर दुसरीकडे असते आणि तो जिथे सापडला तिथे असण्याचा त्याला अधिकार नसतो. ‘भरकटलेला बिबट्या’, ‘वाट चुकलेला बिबट्या’ हे याच क्रियापदाचे सौम्य भाऊबंद. एकदा ‘शिरला’ म्हटले की पुढची पायरी आपोआप येते: त्याला त्याच्या घरी, म्हणजे जंगलात, नेऊन सोडा. हे वाक्य क्रूर नाही, उलट दयाळू वाटते. शेतकऱ्याला ते पटते, प्राणिप्रेमीला पटते आणि वनखात्यालाही सोयीचे असते. पण त्यात एक दावा दडलेला आहे आणि तो तपासल्याशिवायच मान्य होतो. जो बिबट्या येडगावच्या कालव्याकाठच्या उसात जन्मला आणि तिथेच वाढला, तो कुठून कुठे शिरला?

या दाव्याची परीक्षा जुन्नरमध्येच झाली आणि ती फार महाग पडली. फेब्रुवारी २००१ पासून या भागातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासून २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मोहिमेआधी, १९९३ ते २००१ या काळात, जुन्नर भागात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. मोहिमेनंतर, २००१ ते २००३ मध्ये, ती सतरावर गेली. हल्ल्यांपैकी जीवघेण्या ठरलेल्यांचे प्रमाण १८ टक्के होते, ते ३६ टक्के झाले. शिवाय ज्या जंगलांत बिबटे सोडले गेले त्यांच्या आसपासच्या गावांतही हल्ले वाढले. अभ्यासकांचा अर्थ असा की, पिंजऱ्याचा ताण सोसलेला, अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तिथे टिकून राहत नाही. तो परतायला निघतो, आणि त्या वाटेवर माणसाशी त्याची गाठ पडते. इकडे मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येतो, बहुधा तरुण आणि जागेला नवखा. म्हणजे ‘घरी सोडा’ या दयाळू वाक्याने लोकांना सुरक्षित केले नाहीच, उलट धोका वाढवला.

यावर कोणी म्हणेल की हा दोष वनव्यवस्थापनाच्या समजुतीचा होता, त्याचे खापर एका क्रियापदावर का फोडायचे? प्रश्न रास्त आहे. एकट्या शब्दाने मोहीम काढली असे म्हणता येणार नाही. राजकीय दबाव होता, शेळ्या-वासरांचे नुकसान होते, उसाचे क्षेत्र वाढत होते. पण इतक्या सगळ्यांतून ‘पकडून नेऊन सोडणे’ हाच उपाय सर्वांना एकदम स्वाभाविक का वाटला आणि त्याला पुरावा मागावा असे फारसे कोणाला का वाटले नाही? याचे उत्तर बऱ्याच अंशी बोलण्याच्या रीतीत सापडते. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, १७९ चौरस किलोमीटरच्या शेतीच्या पट्ट्यात, कॅमेरा सापळे लावून याच अभ्यासकांनी केलेली मोजणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दर शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे त्यांना शेतीत राहताना आढळले. ‘शिरला’ या शब्दाला उलटे उत्तर देणारा हा पुरावा होता. तरीही क्रियापद बदलले नाही आणि बिबट्या दिसला की पहिली मागणी आजही पिंजऱ्याचीच असते.

आपल्या निवडीवर शब्दांचा असा पगडा बसतो, हे प्रयोगांतूनही पाहिले गेले आहे. एमोस त्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ मध्ये सहाशे जणांना ग्रासू पाहणाऱ्या एका काल्पनिक साथीवरचे दोन उपाय लोकांपुढे ठेवले. ‘दोनशे जण वाचतील’ असे सांगितले तेव्हा ७२ टक्क्यांनी तो खात्रीचा उपाय निवडला. ‘चारशे जण मरतील’ असे सांगितले तेव्हा तोच उपाय फक्त २२ टक्क्यांनी घेतला. आकडे तेच, फक्त मांडणी फिरवलेली. आपल्या विषयाला त्याहून जवळचा प्रयोग पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांचा, २०११ चा. एका शहरातली गुन्हेगारी काहींना श्वापद म्हणून सांगितली, काहींना विषाणू म्हणून. श्वापद ऐकलेल्यांचा कल पकडण्या-डांबण्याकडे अधिक गेला, विषाणू ऐकलेल्यांपैकी अधिक जण कारणे शोधून सुधारणा करण्याकडे वळले. आपला निर्णय कशामुळे झाला असे विचारल्यावर बहुतेकांनी आकडेवारीकडे बोट दाखवले, त्या एका शब्दाकडे नाही. इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा त्यांना तसा परिणाम दिसला नाही आणि वाद पुढे चालू राहिला. त्यामुळे एखादा शब्द उच्चारला की माणूस बाहुलीसारखा वळतो, असे हे पुस्तक म्हणत नाही. कागदावरच्या अनोळखी शहराबद्दल एकदा वाचलेल्या ओळीचा परिणाम पुसट असू शकेल. पण एकच शब्द मथळ्यात, फलकावर, मोर्चात आणि मोबाइलवरच्या संदेशात वर्षानुवर्षे ऐकू आला, आणि तोही अंधारात दारे धरायला निघालेल्या माणसाला, तर त्याचे वजन वेगळे असते.

‘नरभक्षक’ हा त्यातला सर्वांत वजनदार शब्द. जिम कॉर्बेट यांचे कुमाऊंवरचे पुस्तक १९४४ मध्ये आले आणि नरभक्षक म्हणजे काय याची एक प्रतिमा भारतभर रुजली. कॉर्बेट यांनीच मारलेल्या रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या नावावर १९१८ ते १९२६ या काळात सव्वाशे बळी नोंदले गेले होते; माणूस हेच त्याचे नेहमीचे भक्ष्य झाले होते. आज जुन्नर-आंबेगावात एखादा बिबट्या सायंकाळी उसाच्या कडेला वाकून काम करणाऱ्या बाईवर झेपावला तरी दुसऱ्या दिवशी तोच शब्द छापला जातो. झेप चुकून पडली, पिल्ले जवळ होती, प्राणी जखमी होता, की खरोखर माणूस हे भक्ष्य समजून हल्ला झाला, या चार गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. नरभक्षक हा शब्द त्या चारही एकत्र करतो. कायदा मात्र हा शब्द वापरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ मध्ये ‘मानवी जीवितास धोकादायक’ अशी भाषा आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे लेखी नोंदवायची असतात आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. ‘धोकादायक’ म्हटले की कोणासाठी, कुठे, कशावरून, असे प्रश्न उरतात. ‘नरभक्षक’ म्हटले की एकच प्रश्न उरतो: अजून मारला का नाही?

इथे सर्वांत जड आक्षेप येतो, आणि त्याला वळसा घालणे लबाडीचे ठरेल. ज्या घरातले माणूस गेले त्यांना शब्द जपून वापरा असे सांगणारे तुम्ही कोण? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, तीन आठवड्यांच्या आसपास तीन बळी गेले, त्यांत दोन मुले होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि काही दिवसांत एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या दिवसांतली भीती कोणत्याही मथळ्याने निर्माण केलेली नव्हती. ती तीन घरांतून आली होती. रडणाऱ्या आईने बिबट्याला काय म्हणावे हे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, या पुस्तकालाही नाही. आमचा आग्रह तिच्यापाशी नाही. तो बातमी लिहिणाऱ्यांपाशी, आदेश काढणाऱ्यांपाशी आणि मोर्चासमोर माईक हातात घेणाऱ्यांपाशी आहे, कारण त्यांचे शब्द शोकातून आलेले नसतात आणि त्यांच्या शब्दांवर कृती होते. शिवाय भीतीचा मान राखायचा असेल तर तिला नेमके उत्तर द्यावे लागते. ‘नरभक्षक संपला’ एवढे ऐकून ज्याने पोराला पुन्हा अंधारात परसाकडे एकटे पाठवले, त्याला त्या शब्दाने फसवले आहे; फडात दुसरा बिबट्या असतोच.

‘बंदोबस्त’ या शब्दाचेही असेच. ग्रामसभेत, निवेदनात, उपोषणाच्या फलकावर मागणी ठरलेली असते: बिबट्यांचा कायमचा बंदोबस्त करा. मागणाऱ्यांच्या मनात तेव्हा अनेक गोष्टी असतात. दिवसा तीन फेज वीज, वस्तीभोवती उजेड, शाळेच्या वाटेवर सोबत, शेळ्यांना बंदिस्त गोठा, मेलेल्या जनावराचे पैसे वेळेवर. यांतली बहुतेक कामे वनखात्याच्या हातातली नाहीतच. ती वीज कंपनी, ग्रामपंचायत, पशुसंवर्धन खाते, शिक्षण विभाग यांची आहेत. पण ‘बंदोबस्त’ म्हटले की सगळ्यांच्या नजरा एका पिंजऱ्याकडे जातात आणि बाकीची खाती सुटतात. मग जाळीच्या वाहनातल्या बिबट्याचे छायाचित्र ‘अखेर जेरबंद’ या मथळ्याखाली छापून येते आणि गावाने मागितलेले काम झाले असे सर्वांना वाटते. त्याच घटनेला खात्याच्या आणि संस्थांच्या भाषेत ‘रेस्क्यू’ म्हणतात. एकीकडे गुन्हेगाराला पकडल्याचे समाधान, दुसरीकडे जिवाला वाचवल्याचे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्य काढणाऱ्या बिबट्यांसाठी दोन्ही शब्द सारखेच अपुरे आहेत आणि रात्रीची वीज दोन्हींनी बदलत नाही.

निर्णय वळवण्याचे हे बळ फक्त भीतीच्या शब्दांत असते असे मानले तर विवेचन लंगडे पडेल. यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या वाघिणीला वनखाते टी-१ म्हणत होते, गावे नरभक्षक म्हणत होती आणि तिला वाचवू पाहणारे अवनी म्हणत होते. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तोवर या तीन नावांनी तीन वेगळ्या हकिकती उभ्या केल्या होत्या. अवनी या नावात एक आई होती, टी-१ मध्ये एक फाइल होती, नरभक्षकात एक राक्षस होता. शहरातल्या ज्यांनी ‘अवनी’साठी मेणबत्त्या लावल्या त्यांच्यापैकी किती जणांना त्या तेरांतले एक तरी नाव ठाऊक होते? ‘सहजीवन’ या शब्दावरही माझा असाच रोख आहे. तो शब्द ज्यांच्या अंगणात बिबट्या येतो त्यांच्या तोंडून आला तर ती एक कमावलेली गोष्ट असते. इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून आला तर तो उपदेश होतो, आणि उपदेश ऐकून माणूस आणखी चिडतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. त्यात वाघाबद्दल धाकही आहे आणि मानही. त्या रीतीचा हवाला देऊन पूर्वेकडच्या ऊसकऱ्याला ‘पूर्वजांसारखे राहा’ म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. त्याचे शिवार वेगळे, धोका वेगळा.

आणखी एक आक्षेप व्यवहारातला आहे: मोठा शब्द वापरल्याशिवाय सरकार हलत नाही. याला मी बऱ्याच अंशी मान देतो. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतली २३३ गावे बिबट्याच्या दृष्टीने संभाव्य आपत्तीप्रवण ठरवली गेली. ‘आपत्ती’ हा शब्द लागताच विषय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या चौकटीत गेला, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आला, वनखात्याबाहेरच्या यंत्रणा बांधल्या गेल्या. शब्दाने निर्णय बदलतो याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही, आणि हा बदल उपयोगाचा आहे. मदतीचेही तसेच. त्याच शिवारात साप चावून माणूस मेला तर तो ‘अपघात’ ठरतो. शेतकरी अपघात योजनेतून वारसांना दोन लाख मिळतात. बिबट्याच्या ‘हल्ल्यात’ मेला तर पंचवीस लाख. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, तरी त्यासाठी कुठे महामार्ग अडवला जात नाही. बिबट्या हा कायद्याने सरकारच्या ताब्यातला, म्हणून लोक ‘तुमचा बिबट्या’ म्हणतात आणि जबाबदारी मागतात. त्यात चूक नाही. पण ‘आपत्ती’चा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या शब्दामागून वीज, उजेड आणि माणसे येतात. तो शब्द फक्त आणखी पिंजरे आणणार असेल तर २००१ सालच्या चुकीलाच नवे नाव मिळाले असे होईल.

शब्द बदलता येतात का? मुंबईत बदलले आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या बिबट्यांसाठी २०११ मध्ये वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पत्रकारांसाठी कार्यशाळा झाल्या. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या बातम्या ताडून पाहणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मांडणी भीतीकडून समजुतीकडे सरकल्याचे त्यात दिसले. शब्द बदलल्यामुळेच तिथले हल्ले घटले असे म्हणणे घाईचे होईल. व्यवस्थापनही बदलले होते. पण बातमीची भाषा बदलता येत नाही, हा समज तरी निराधार ठरला.

म्हणून या पुस्तकाची मागणी एवढीच आहे. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथून बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहरांनी बिबट्याच्या प्रत्येक बातमीत वेळ, जागा, उसापासूनचे अंतर, उजेड होता का आणि माणूस एकटा होता का, हे लिहावे. पुरावा हाती येईपर्यंत ‘नरभक्षक’ हा शब्द बाजूला ठेवावा. ग्रामसभांनी ‘बंदोबस्त करा’ असा एका ओळीचा ठराव करू नये; कोणत्या खात्याने, कोणत्या वस्तीवर, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे ते लिहून घ्यावे. आणि तोडणीचा हंगाम सुरू होण्याआधी हे ठराव तालुक्याला पोहोचवावेत.